पाणी धरून

सोमवारच्या बॅचला ऑक्झॅलिक ॲसिड किती लागणार, हा प्रश्न मला शनिवारी दुपारी पडतो. बारावीची वीस मुलं. प्रत्येकाची दहा मिलीची पिपेट, एक अंदाजाचं आणि तीन पक्की रीडिंगं, शिवाय पिपेट विसळायला थोडं, सांडायला थोडं, आणि "ताई, माझं जास्तच गुलाबी झालं, परत घेऊ?" यासाठी थोडं. माणशी साठ-सत्तर मिली धरले तर दीड लिटरच्या आत भागतं. मी दोन लिटर करते. द्रावण हवं ०.०५ मोलर, लिटरला ०.०५ मोल, म्हणजे दोन लिटरला ०.१ मोल. ऑक्झॅलिक ॲसिडचा एक मोल भरतो १२६.०७ ग्रॅम. तेव्हा १२.६१ ग्रॅम. दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवलं की हिशेब संपला.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी विज्ञान महाविद्यालयात मी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सहायक आहे. 'लॅबमध्ये आहे' म्हटलं की लोकांना वाटतं मी रक्त-लघवी तपासते. लग्नाकार्यात भेटलेले दोन-चार जण तरी आपल्या साखरेचा रिपोर्ट पुढे करतात. माझं काम त्याहून साधं आहे. मुलांच्या जर्नलमध्ये 'दिलेले द्रावण' म्हणून एक ओळ असते आणि पुढे मोलरता छापलेली असते. ती ओळ खरी ठरवण्याचा मला पगार मिळतो.

सूत्र अकरावीच्या पुस्तकात आहे: हवी ती मोलरता, गुणिले लिटरमधलं आकारमान, गुणिले रेणुभार. यातली मोलरता अभ्यासक्रम ठरवतो, आकारमान मी ठरवते, आणि रेणुभार बाटलीच्या लेबलावर छापलेला असतो. पहिल्या दोन आकड्यांनी मला कधी त्रास दिलेला नाही. तिसरा मात्र कितीही पाठ असला तरी दर वेळी वाचावा लागतो. पुस्तकातला रेणुभार पदार्थाचा असतो. मला हवा असतो तो समोरच्या बाटलीतल्या मालाचा.

मी रुजू झाले तेव्हा लॅबमध्ये एक वयस्क परिचर होते. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं, प्राचार्यसुद्धा. शिक्षण सातवीपर्यंत. मोल म्हणजे काय हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि त्यावाचून त्यांचं कधी अडलंही नाही. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची एक वही होती आणि वहीत नुसते आकडे. ऑक्झॅलिक ६.३, मोर सॉल्ट ३९.२, परमँगनेट ३.१६, हायपो २४.८, सिल्व्हर नायट्रेट १७. सगळे ग्रॅम, सगळे एका लिटरला, आणि पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात 'एन बाय टेन'.

रसायन शिकलेल्या माणसाने ही यादी पाहिली तर तो चक्रावेल. ऑक्झॅलिकचे ६.३ ग्रॅम म्हणजे ०.०५ मोलर, मोर सॉल्टचे ३९.२ म्हणजे ०.१ मोलर, परमँगनेटचे ३.१६ म्हणजे ०.०२ मोलर. एका मथळ्याखाली तीन वेगळ्या मोलरता! पण ती यादी नॉर्मॅलिटीची होती, आणि नॉर्मॅलिटीच्या राज्यात सगळ्यांचा भाव एकच: कुठलंही दहा मिली दुसऱ्याच्या दहा मिलीला पुरतं. परमँगनेटचा एक रेणू आम्लात पाच इलेक्ट्रॉन घेतो, ऑक्झॅलिकचा एक रेणू दोन देतो, ही सगळी भानगड तोलतानाच मिटवलेली असते. मुलाने ब्युरेट वाचायची आणि मोकळं व्हायचं. पुढे मोलॅरिटी आली. तिच्या बाजूचं कारण मला पटतं. तेच परमँगनेट उदासीन द्रावणात वापरलं तर पाचाऐवजी तीनच इलेक्ट्रॉन घेतं, म्हणजे एकाच बाटलीच्या दोन नॉर्मॅलिट्या होतात. मोलॅरिटी बाटलीत काय आहे तेवढंच सांगते, तुम्ही त्याचं काय करणार याच्याशी तिला कर्तव्य नाही. सरांनी लेबलं बदलायला सांगितली. मामांनी लेबलं बदलली, वही बदलली नाही. ग्रॅम तेच होते.

त्या वहीत ऑक्झॅलिकच्या आकड्यापुढे दोन शब्द होते: 'पाणी धरून'. एके वर्षी तासिका तत्त्वावर आलेल्या एका तरुण सरांनी फळ्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचा रेणुभार काढला. दोन हायड्रोजन, दोन कार्बन, चार ऑक्सिजन, एकूण ९०, ०.०५ मोलरला लिटरमागे साडेचार ग्रॅम. फळ्यावरचं गणित चोख होतं. मामा बाटल्या घेऊन दारातून आत येत होते, ते थांबले. "सर, पाणी धरलं नाहीत." सरांना वाटलं, मामा नळाचं म्हणतायत. मग मामांनी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. ऑक्झॅलिकच्या स्फटिकात प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात, कोरडा ठणठणीत दिसला तरी. लेबलावर तसं लिहिलेलंच होतं, १२६.०७. "नारळ सोडणासकट तोललात तर सोडणाचं वजन नको धरायला?" मामा म्हणाले. सरांनी फळा पुसला. साडेचार ग्रॅम तोलले असते तर द्रावण ०.०५ ऐवजी ०.०३५७ मोलर झालं असतं आणि सगळ्या वर्गाचं परमँगनेट दिवसभर चुकीचं निघालं असतं.

स्फटिकातलं हे पाणी पदार्थागणिक वेगळं. मोर सॉल्टमध्ये सहा रेणू, मोरचुदात पाच, हायपोमध्ये पाच, झिंक सल्फेटमध्ये सात. यातल्या बहुतेकांच्या बाबतीत बाजारात एकच प्रकार मिळतो, त्यामुळे चुकायची सोय कमी. खरा घोळ धुण्याच्या सोड्याचा. सोडियम कार्बोनेट निर्जल असेल तर रेणुभार १०५.९९, आणि दहा पाण्यांचं असेल तर २८६.१४. दोन्ही पांढरी, दोन्ही बाटल्या सारख्या, नावही एकच. फरक लेबलावरच्या बारीक अक्षरात. एका पुरवठादाराने निर्जलाच्या मागणीवर दहा पाण्यांचा माल पाठवला होता. अर्ध्या लिटर ०.१ मोलर द्रावणाला निर्जलाचे ५.३ ग्रॅम लागतात, दहा पाण्यांच्याचे १४.३. तुम्ही म्हणाल, मग १४.३ तोलावेत. पण दहा पाण्यांचा सोडा कोरड्या हवेत हळूहळू पाणी सोडतो, स्फटिकांवर पांढरं पीठ धरतं, आणि मग तो दहा पाण्यांचा राहिलेला नसतो. साडेनऊचा असेल, नाहीतर आठाचा. रेणुभारच माहीत नसलेला पदार्थ तोलून काय उपयोग? तो सगळा माल मी गुणात्मक पृथक्करणाच्या कपाटात ठेवला. तिथे क्षारात कुठला आयन आहे एवढंच ओळखायचं असतं, सोडा चमचाभर जास्त पडला तरी कोणी विचारत नाही.

माझी एक मैत्रीण सोलापूरकडच्या कॉलेजात हेच काम करते. तिच्याकडे एप्रिल-मे मध्ये हायपोचे काचेसारखे खडे वरून पिठूळ होतात. माझ्याकडे जुलैत कॉस्टिक सोडा पाझरतो. दोघींच्या बाटल्यांवरची लेबलं मात्र अगदी सारखी.

कॉस्टिकबद्दल जरा विस्ताराने सांगायला हवं, कारण नव्या माणसाची सगळी हौस तिथेच फिटते. रेणुभार ४०, ०.१ मोलर एक लिटरला ४ ग्रॅम. याहून सोपं गणित रसायनात नाही. आता पावसाळ्यातल्या दुपारी, बाहेर पागोळ्या गळत असताना, बाटलीचं झाकण उघडून पांढऱ्या गोळ्या वॉच ग्लासवर घ्या आणि चार दशांश स्थळांच्या काट्यावर ठेवा. आकडा स्थिर राहत नाही. तुम्ही बघत असता आणि शेवटचा अंक चढतो, मग त्याच्या आधीचा. गोळ्या आधी चमकतात, मग ओल्या होतात, मग काचेला चिकटतात. वाढलेलं वजन हवेतल्या पाण्याचं असतं, थोडं कार्बन डायऑक्साइडचं. कॉस्टिक त्यात कणभरही वाढलेलं नसतं. नवा सहायक घाई करतो, पंखा बंद करतो, श्वास रोखतो, ४.०००० वर आकडा आला की विजयी चेहऱ्याने मान वर करतो. त्या चार शून्यांना काही अर्थ नाही. बाटली उघडायच्या आधीच गोळ्यांनी किती पाणी प्यायलं आहे हे काट्याला कुठे ठाऊक?

मी कॉस्टिक साध्या काट्यावर तोलते, सव्वाचार ग्रॅमच्या आसपास, आणि बेफिकीरपणे. उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवते, थंड होऊ देते, लिटर पुरा करते. मग त्या द्रावणालाच विचारते: तू किती? दहा मिली ०.०५ मोलर ऑक्झॅलिक, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन, ब्युरेटमध्ये कॉस्टिक. ब्युरेट ९.७ दाखवते, म्हणजे कॉस्टिक ०.१०३ मोलर. हाच आकडा बाटलीवर जातो. मनात ठरवलेल्या ०.१ ला तिथे जागा नाही. कार्बोनेटचाही त्रास नको असेल तर जुनी युक्ती आहे: निम्मं पाणी, निम्मं कॉस्टिक असं दाट द्रावण करून प्लास्टिकच्या बाटलीत काही दिवस ठेवायचं. एवढ्या दाट कॉस्टिकमध्ये कार्बोनेट विरघळत नाही, तळाशी बसतं. वरचं निवळ साधारण १९ मोलर असतं. त्यातलं सव्वापाच मिली एक लिटरला पुरतं. आमच्याकडे पावसाळाभर हेच चालतं.

कॉस्टिक पोटॅशच्या गोळ्यांनी तर फसवाफसवी लेबलावर उघड मांडलेली असते. रेणुभार ५६.११, आणि खाली शुद्धता ८५ टक्के. उरलेला भाग बहुतेक पाणी. एक मोलर लिटरभर करायचं तर ५६.११ भागिले ०.८५, म्हणजे ६६ ग्रॅम. मुलांना मी हे लेबल मुद्दाम वाचायला देते. शुद्धतेची ओळ बहुतेकांना दिसतच नाही. डोळे सरळ रेणुभारावर जातात.

तेव्हा कपाटातल्या बाटल्यांचे माझ्यापुरते दोन गट आहेत. काही पदार्थ तोलले की त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो: ऑक्झॅलिक, वाळवलेला निर्जल सोडा, पोटॅशियम डायक्रोमेट, शुद्ध जस्त. हे हवेतलं पाणी ओढत नाहीत, किंवा ओढलं तर वाळवून काढता येतं. बाटलीत बसून बदलत नाहीत. बाकीच्यांना तोलायचं आणि नंतर पहिल्या गटातल्या कोणाच्या तरी साक्षीने तपासायचं. पहिल्या गटासाठी काटा चार दशांश स्थळांचा, दुसऱ्यासाठी भाजीवाल्याचा चालला असता. हे उलटं करणारे लोक मी पाहिले आहेत. कॉस्टिकवर अर्धा तास घालवतात आणि ऑक्झॅलिक कागदावर ओतून भसाभस तोलतात.

आणि ऑक्झॅलिक नीट तोलायचं म्हणजे काय, यावरही माझं एक मत आहे. अडीचशे मिलीच्या फ्लास्कमध्ये ०.०५ मोलर करायचं तर गणित १.५७५९ ग्रॅम सांगतं. मुलं ह्या आकड्याच्या मागे लागतात. १.५८ झालं की स्पॅट्युलाने चिमूटभर काढतात, १.५७ होतं, परत टाकतात. काढलेलं बाटलीत परत जातं, त्यासोबत बोटांचा घाम आणि टेबलावरची धूळही. एवढी झटापट कशाला? पडलं ते पडलं. १.५८१२ ग्रॅम पडलं असेल तर ते तसंच लिहा, १२६.०७ ने आणि ०.२५ ने भागा, मोलरता येते ०.०५०२. ते द्रावण ०.०५०० इतकंच पक्कं आहे, फक्त आकडा देखणा नाही. परीक्षेसाठी दोन लिटर करतानाही मी हेच करते, १२.६१ च्या जवळ कुठेतरी थांबते आणि थांबले तो आकडा वहीत टिपते. सूत्र दोन्ही दिशांनी चालतं, पण शाळेत ते एकाच दिशेने शिकवलेलं असतं.

आम्लांना तर तोलायचंच नसतं. हायड्रोक्लोरिकच्या बाटलीवर ३५ टक्के आणि घनता १.१८ लिहिलेलं असतं. लिटरचं वजन ११८० ग्रॅम, त्यातला ३५ टक्के वायू म्हणजे ४१३ ग्रॅम, भागिले ३६.४६, झालं ११.३ मोलर. ०.१ मोलर लिटरभर हवं तर ८.८ मिली. नवी बाटली असेल तर ८.८ ठीक, मार्चपर्यंत अर्धी झालेली, दर बॅचला उघडलेली, दर वेळी धूर सोडलेली बाटली असेल तर मी ९ घेते, आणि मग सोड्यापुढे तपासते. सल्फ्युरिकचं बळ १८.४ मोलर. तिथे गणितापेक्षा क्रम महत्त्वाचा: पाण्यात आम्ल, थोडं थोडं, बीकर गार पाण्याच्या टबात ठेवून. उलट केलं तर काय होतं हे आमच्या लॅबच्या छतावरच्या एका डागाला विचारा. तो माझ्या आधीचा आहे.

मुलांना सगळ्यात जास्त वेळा सांगावी लागणारी गोष्ट मात्र वेगळीच. "ताई, एक लिटर पाणी घेऊन त्यात टाकायचं ना?" नाही. लिटर पाण्याचा नसतो, द्रावणाचा असतो. हे बोलून समजत नाही, म्हणून मी साखर आणते. साखरेचा मोल ३४२ ग्रॅम. मोजून एक लिटर पाणी, त्यात तेवढी साखर. विरघळल्यावर मोजपात्रात ओतलं की एक लिटरच्या वर दोनशे मिली जास्त भरतं. पाणी लिटरभरच होतं, साखरेनेही जागा घेतली, आणि एक मोलर म्हणून केलेलं द्रावण ०.८३ च्या आसपास निघालं. ०.०५ मोलर ऑक्झॅलिकला ही चूक जाणवत नाही, म्हणूनच ती सवयीत मुरते आणि पुढे दाट द्रावणात नडते. म्हणून आधी निम्म्या-पाऊण पाण्यात पूर्ण विरघळवायचं, मग खुणेपर्यंत भरायचं. वर्गातल्या एका मुलाने विचारलं होतं, साखरेचं पाणी प्यायचं का? लॅबमधल्या भांड्यातलं काहीही प्यायचं नाही, हे त्या दिवशी सर्वांनी दहा वेळा लिहिलं.

तापमानाचंही विचारतात. फ्लास्कवर आकारमानाशेजारी २० किंवा २७ अंश छापलेलं असतं. २७ हा आपल्यासारख्या उष्ण देशांसाठी मान्य केलेला आकडा. पाणी २० अंशांवरून ३५ वर गेलं की साधारण ०.४ टक्क्यांनी फुगतं, तेवढीच मोलरता उतरते. दहा मिलीच्या रीडिंगमध्ये ०.१ मिली म्हणजे एक टक्का चुकणाऱ्या वर्गापुढे हा मुद्दा काढण्यात हशील नाही. पण कॉस्टिक विरघळवताना फ्लास्क हाताला चटका देतो, आणि तसाच गरम असताना खुणेपर्यंत भरला तर गार झाल्यावर पातळी खाली उतरते. ते मी कोणाला करू देत नाही. हायपोचं उलट: विरघळताना बीकर इतका गार पडतो की आमच्या दमट हवेत बाहेरून घाम धरतो, आणि तो पुसून फ्लास्क हातात घ्यावा लागतो.

२० मे २०१९ पासून मोलाची व्याख्या बदलली. पूर्वी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके, असं होतं, आता ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात ही संख्याच पक्की धरली आहे. आमचे एक सर फार उत्साहाने हे सांगायला स्टोअररूममध्ये आले. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ऑक्झॅलिक १२.६१ च ना? हो म्हणाले, जरा हिरमुसून.

परीक्षेच्या दिवसांत मात्र माझं गणित थोडं कपटी होतं. परमँगनेट ०.०२ मोलर, म्हणजे लिटरला ३.१६ ग्रॅम. पण परमँगनेट दुसऱ्या गटातलं. बाटलीत आधीच थोडं मँगनीज डायऑक्साइड झालेलं असतं आणि पाण्यातल्या कचऱ्याशी भिडून आणखी होतं. म्हणून थोडं जास्त तोलून, पाण्यात उकळून, एक-दोन दिवस ठेवून, काचेच्या लोकरीतून गाळून, गडद बाटलीत भरते. कागदातून गाळलं तर कागदच त्याला खातो. आता, ०.०५ मोलर ऑक्झॅलिकच्या दहा मिलीला ०.०२ मोलर परमँगनेट बरोबर दहा मिली लागतं, हे मुलांना माहीत असतं. त्यामुळे ब्युरेट उघडायच्या आधीच काही जणांच्या कागदावर ९.९, १०.०, १०.० अशी तीन रीडिंगं शिस्तीत मांडलेली असतात. म्हणून मी बॅचगणिक बदलते. एका बॅचला ०.०१८, दुसऱ्या बॅचला ०.०२२. पहिल्यांना ११.१ लागतं, दुसऱ्यांना ९.१. बाहेर पडणारी बॅच जिन्यात आत येणाऱ्यांना रीडिंग सांगून जाते, आणि आत येणारे ते इमानाने लिहितात. बहिःस्थ परीक्षकांकडे प्रत्येक बॅचचा खरा आकडा मी पाकिटात आधीच दिलेला असतो. मामांना हा उद्योग आवडत नसे. "पोरं आहेत," म्हणायचे. पण थोडं जास्त-कमी तोलायचं झालं तर तोलून तेच द्यायचे.

बी.एस्सी.च्या वर्गाला पाण्याचा जडपणा मोजायचा प्रयोग असतो, आणि तो मला सगळ्यात आवडतो, कारण पाणी मुलं घरून आणतात. आमच्याकडच्या जांभ्याच्या विहिरींचं पाणी मऊ. पाच-सहा थेंबांत वाइनसारखा लाल रंग निळा होतो आणि मुलं हिरमुसतात. खाडीकाठच्या गावची एक मुलगी मचूळ पाण्याची बाटली घेऊन आली. पन्नास मिली पाणी, अमोनियाचं बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी, ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए. १४.३ मिली लागले. जडपणा लिटरला २८६ मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे २०० पर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. "तरीच डाळ शिजत नाही म्हणते आई," ती म्हणाली. मग बाटलीकडे बघून तिने विचारलं, "ताई, हे ०.०१ च आहे कशावरून?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला आहे. ईडीटीएच्या डायसोडियम क्षाराचा रेणुभार ३७२.२४, दोन पाणी धरून, लिटरला ३.७२ ग्रॅम. तोलला होता मीच, पण साध्या दर्जाचा, जुन्या बाटलीतला. म्हणजे विश्वास ठेवायच्या गटातला नव्हे. मी जस्ताचे दाणे काढले. आम्लात क्षणभर धुऊन वरची काजळी काढली, वाळवले, तोलले: ०.१६३९ ग्रॅम, अडीचशे मिलीत. भिंतीवरच्या जुन्या तक्त्यात जस्ताचा अणुभार ६५.३९ आहे आणि नव्या बाटलीवर ६५.३८; आम्ही ६५.३८ धरला, तिच्या आग्रहाने. जस्ताच्या दहा मिलीला ईडीटीए १०.२ लागला. खरी मोलरता ०.००९८.

तिने जर्नलमध्ये २८६ खोडून २८० लिहिलं आणि शेजारी ०.००९८ ची नोंद केली. तपासताना सरांनी त्यावर लाल गोल करून लिहिलं, 'छापील किंमत वापरा'. ती जर्नल घेऊन माझ्याकडे आली. मी जस्ताच्या वजनाचा तारीख घातलेला कागद तिच्या हातात दिला आणि तिला परत पाठवलं. सरांनी कागद पाहिला, गोलाशेजारी सही केली आणि निरोप धाडला की बाटलीवरच ०.००९८ लिहा. मी लिहिलं. ती बाटली संपेपर्यंत सगळा वर्ग माझ्यावर नाराज होता, ०.०१ ने गुणायला सोपं जातं.